गालात धरलेला घास

मी मूळची पेठची. पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव, दिवसभर गाड्यांची ये-जा. त्यामुळे आपण रस्त्यावरचे लोक इतरांपेक्षा चार पावलं पुढं आहोत, असा एक समज लहानपणापासून अंगात भिनलेला. डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा तो आणखी फुगला. म्हणूनच नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली तळेघरच्या पलीकडं एका वाडीवर झाली, तेव्हा मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नव्हते. एसटीच्या दिवसातून दोन फेऱ्या, त्याही आल्या तर आपल्या. फाट्यावर उतरून पुढं पाऊण तास पायी. चढावर एखादी सत्तरीची म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन मला मागं टाकून जायची आणि वर विचारायची, "बाई, दमलात का?" मी दमलेली असायची, पण नाही म्हणायची.

बरोबर सासूबाई आणि अडीच वर्षांची लेक. आमचे हे आळेफाट्याला ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते. आठवड्याच्या सुट्टीला यायचे, आणि येताना पोरीसाठी क्रीमची बिस्किटं आणि गोळ्यांचा पुडा आणायचे. शिवाय दुधाची बाटली होतीच. दोन चमचे साखर घातलेलं दूध, बाटली तोंडात धरूनच पोरगी झोपायची, आणि ती अशी गुमान झोपते याचं मला कौतुक होतं. वाडीतली पोरं नाचणीच्या भाकरीचा तुकडा हातात घेऊन चावत हिंडायची. माझ्या पोरीला तसलं खावं लागत नाही, हे मी आल्यागेल्याला ऐकवायची. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण सांगायचं तर खरं सांगावं.

शाळेच्या व्हरांड्याच्या एका टोकाला अंगणवाडी भरायची. तिथल्या सेविका वाडीतल्याच, चाळिशीच्या, सातवी शिकलेल्या. उंचीला माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण आवाज असा की खालच्या भातखाचरात चिखल करणारा माणूस वर बघायचा. सगळे त्यांना ताई म्हणायचे. मीही म्हणायची, पण त्यात आदर कमी आणि उपचार जास्त. मी पगारी शिक्षिका, त्या मानधनावरच्या. मी मुलांना घडवते, त्या पोरांची नाकं पुसतात. इतकी सरळसोट माझी समजूत होती.

आणि त्यांना मिश्री लागायची. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठतो, मग ती चुरून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना, हिरड्यांना चोळायची. आमच्याकडच्या निम्म्या बायकांचा दिवस मिश्रीशिवाय उजाडत नाही. पोट साफ होत नाही म्हणतात, डोकं चालत नाही म्हणतात. माझ्या सासूबाई लावायच्या. माझी आईसुद्धा लावायची. ताई रोज अंगणवाडी उघडण्याआधी पायरीवर बसायच्या, बोट तोंडात, नजर समोरच्या डोंगरावर, आणि त्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा वाडीचा अलिखित नियम होता. दात काळपट झाले होते, म्हणून हसताना पदर तोंडावर यायचा.

पण ही बाई पोरं ओळखायची. हे मला आल्याच्या पहिल्या महिन्यातच दिसलं होतं, मान्य करायला वेळ लागला एवढंच. दारातून पोर आत आलं की चालीवरून सांगायच्या, हे उपाशी आलंय, ह्याला रात्री ताप होता, ह्याच्या घरी काल भांडण झालंय. एकदा एका पोराला त्यांनी उचलून मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "ह्याच्या कानात दुखतंय." पोर रडत नव्हतं, कानाला हातही लावत नव्हतं. मी हसले. दुसऱ्या दिवशी त्याचा कान फुटला. ताईंनी मला त्याची आठवण करून दिली नाही. त्यांच्या जागी मी असते तर दिली असती.

लेक चार वर्षांची झाली तशी ती जेवायला नको म्हणू लागली. आधी भाकरी सोडली, मग पोळी, मग भातसुद्धा कालवून पातळ केला तरच. घास तोंडात घेतला की बसून राहायची. दहा मिनिटं एकच घास. मला शाळेची घाई, समोर हे असं तोंड भरून बसलेलं ध्यान. मी ओरडायची. कधी पाठीत धपाटा घालायची. "लाडावून ठेवलीय, नखरे आहेत नुसते," हे माझं म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं, नजर लागली. त्या दर अमावस्येला मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायच्या. मोहरी तडतडली की म्हणायच्या, बघ किती लागली व्हती. पोरगी मात्र तशीच. पूर्वी अंगणवाडीत सगळ्यांत मोठ्यानं गाणी म्हणायची, ती आता मुठीनं तोंड झाकून कोपऱ्यात बसायची. झोपेत कण्हायची. लटकत्या काट्यावर दर महिन्याला वजन व्हायचं, आणि ताईंच्या तक्त्यावर तिचा ठिपका चार महिने एकाच उंचीवर रेंगाळत होता. गरिबाघरच्या पोरांचे ठिपके वर चाललेले आणि बाईंच्या पोरीचा जागेवर, हे मला दिसत होतं. मी तक्त्याकडं बघायचं सोडलं.

एका सोमवारी शाळा सुटल्यावर ताई माझ्याकडं आल्या. अंगणवाडीतून पोषण आहाराची सुकडी न्यायला आलेल्या दोन बायका तिथंच उभ्या होत्या.

"बाई, राग मानू नका," ताई म्हणाल्या. "पोरगी खात नाय असं नाय. तिला खाता येत नाय."

"म्हणजे?"

"घास डाव्या गालात धरती. तिथंच भिजू देती आन मग गिळती. उजवीकडं न्हेतच नाय. गार पाणी प्याली की डोळं मिटून घेती. दोन आठवडं बघतीय मी. आज उन्हात बसवून तोंड बगितलं. दाढा काळ्या झाल्यात, एकीला भोक पडलंय. दातांच्या डाक्टरला दावा बाई."

मी खरं म्हणजे तिथंच पोरीचं तोंड उघडून बघायला हवं होतं. पण दोन बायका ऐकत होत्या. मी म्हणाले, "दुधाचे दात आहेत, ताई. आज ना उद्या पडायचेच."

"पडायचे. पर दाढा अजून पाच-सा वर्सं ऱ्हातात. तवर तिनं जेवायचं कशानं?"

उत्तर नसलं की मला राग येतो, हा माझा जुना दुर्गुण. मी म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सकाळ-संध्याकाळ तुमच्या तोंडात मिश्री, आणि तुम्ही मला दात शिकवता? आधी ती सोडा, मग माझ्या पोरीच्या तोंडात डोकवा."

बायकांनी माना खाली घातल्या. ताईंचा पदर तोंडावर गेला. मला वाटलं आता ही बाई दोन शब्द सुनावणार. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि पातेलं घासायला विहिरीकडं निघून गेल्या. मी घरी आले ती जिंकल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायरीवर बसल्या, पण बोट तोंडात नव्हतं. दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या होत्या. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी कपाळाला फडकं आवळलेलं. चौथ्या दिवशी बडीशेप चघळत होत्या आणि डोळे लाल. पोरांना म्हणाल्या, "आज माजं डोकं लई दुखतंय, हळू बोला." पोरं चक्क दोन मिनिटं हळू बोलली. वीस-बावीस वर्षांची सवय होती ती. नवऱ्यावर, मदतनीस बाईवर चिडचिड झाली असेल, पण व्हरांड्यात आवाज चढला नाही. घरी हा विषय निघाला तेव्हा सासूबाई बोटावर मिश्री घेत म्हणाल्या, "चार दिसाचं कवतिक. मिश्री सुटती व्हय कुणाची? माजी सासू मरायच्या दिशीबी मागत व्हती."

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत सुरू झाली. खाऊ झाला की ताई सगळ्या पोरांना रांगेत उभं करून कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावायच्या. कोण लांब चूळ टाकतो याची शर्यत. पोरांना तो खेळ इतका आवडला की पहिलीची मुलं माझ्या वर्गातून पळून तिथं जायला लागली. मी वैतागले. फार उशिरा माझ्या ध्यानात आलं, की मीठपाण्याची गरज माझ्या एकटीच्या पोरीला होती. तिच्या एकटीचं तोंड धुतलं तर ती ओशाळली असती, आणि मी भांडायला गेले असते. म्हणून ताईंनी पंचवीस पोरांना चुळा भरायला लावल्या. माझ्या पोरीची सुकडी त्या वेगळी, पातळ कालवायच्या, तेही असं की कुणाला कळू नये.

मी मात्र तिला डॉक्टरकडं नेलं नाही. कारणं तयार होती. चाचणी परीक्षा आहे, गाडीचा भरवसा नाही, ह्यांना रजा नाही. खरं कारण असं की नेलं असतं तर ताई खऱ्या ठरल्या असत्या. पोटच्या पोरीपेक्षा मला माझी टेक मोठी वाटली. असं वागणाऱ्या आया मी पुढं शाळेत पुष्कळ पाहिल्या, आणि एकीलाही नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

अकरा-बारा दिवस झाले असतील. सकाळी उठले तर पोरीचा उजवा गाल सुजलेला. अंगात कणकण. नेमके त्या दिवशी शाळा तपासायला साहेब येणार होते. मी सासूबाईंना म्हणाले, दुपारपर्यंत सांभाळा, मग बघू. पोरगी दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी फायली उचलल्या आणि निघाले.

मधल्या सुट्टीच्या सुमारास सासूबाई तिला कडेवर घेऊन धापा टाकत व्हरांड्यात आल्या. पोरगी पांढरी फटक. घामानं केस कपाळाला चिकटलेले, मान लुळी, आणि सारख्या कोरड्या उलट्या. मला वाटलं ऊन लागलं, पित्त झालं. मी "पाणी, पाणी" करत उभी राहिले. दोन वर्षं वर्गात प्रथमोपचाराचा धडा शिकवलेली बाई मी, आणि त्यातलं एक अक्षर मला आठवेना. ताई अंगणवाडीतून आल्या, त्यांनी पोरीला सासूबाईंच्या कडेवरून घेतलं, तिच्या तोंडाशी नाक नेलं आणि विचारलं, "हिला मिश्री कुणी लावली?"

सासूबाई रडायला लागल्या. पोरीची दाढ ठणकत होती, ती गाल धरून लोळत होती, म्हणून त्यांनी चिमूटभर मिश्री दाढेत दाबली होती. आमच्याकडं दाढ दुखली की हेच करतात. दुखणं बधिर होतं. मोठ्या माणसाचं. सवयीच्या माणसाचं. चार वर्षांच्या पोरीला तंबाखू सोसेल का, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही, आणि मी तिथं असते तर माझ्या तरी शिवला असता का, मला सांगता येत नाही.

ताईंनी पदराचं टोक ओलं केलं, बोटाला गुंडाळलं आणि पोरीचं तोंड आतून पुसून काढलं. पुन्हा पुन्हा, दर वेळी पदर धुवून. पोरीनं बोटाला कडकडून चावा घेतला, तरी हात मागं घेतला नाही. मग तिला कुशीवर धरून मांडीवर घेतलं आणि तिच्याशी बोलत राहिल्या, डोळे मिटू देत नव्हत्या. अर्धा तास गेला. हळूहळू ओठांवर रंग आला, घाम थांबला, आणि पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "ताई, मांडी टोचती." तेव्हा कुठं मी पुढं होऊन तिचा हात धरला.

सासूबाईंना ताई म्हणाल्या, "आत्या, रडू नका. मायेनं केलं तुमी. आमी बी आजवर हेच करत आलो."

मी म्हणाले, "ताई, उद्या घेऊन जाते हिला."

"उद्या कशापायी? दुपारची गाडी हाय. मी येते संगती."

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. साहेब बहुधा येत नसतच.

अंगणवाडी मदतनीस बाईवर सोपवून ताई अंगावरच्या लुगड्यानिशी निघाल्या. पोरीला पाठुंगळी घेऊन त्यांनी पाऊण तासाची वाट काढली, मला देऊ केली नाही. घोडेगाव, मंचर, तिथं गाडी बदलून नारायणगाव आणि आळेफाटा. मंचरच्या पुढं आमच्या शेजारच्या बाकावर एक बाई बसली आणि तिनं निवांत डबी उघडून मिश्री लावायला घेतली. ताईंनी खिडकीकडं तोंड केलं. त्यांची बोटं पदराच्या काठाशी चाळा करत होती. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बाई, एक सांगते. मदी एकदा लावली व्हती मी. सहाव्या दिशी. चिमूटभर. मग परत सोडली. तुमाला म्हाईत असावं."

हे मला कधीच कळलं नसतं. कुणी पाहिलं नव्हतं. वाडीत सगळ्यांचं मत होतं की ताईंनी एका झटक्यात सोडली, आणि त्या मताला धक्का लावायची काही गरज नव्हती. पण ज्या बाईनं चारचौघांत त्यांचा अपमान केला, तिच्याशी खोट्यानं जिंकायचं नव्हतं त्यांना. मी खाली मान घातली. सोमवारच्या बोलण्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "पोरीचं डोकं नीट धरा, गाडी लई हादरती." तेवढ्यावर तो विषय संपला तो संपलाच.

रात्री ह्यांच्या खोलीवर राहिलो आणि सकाळी दातांच्या डॉक्टरकडं गेलो. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दवाखाना, जिना अरुंद, खालून हवेच्या मशीनचा फटफट आवाज. डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. पण पोरीनं खुर्ची पाहिली, वरचा दिवा पाहिला, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. ह्यांनी चुचकारलं, मी दटावलं, डॉक्टरांनी फुगा दाखवला. ओठ उघडेनात.

तेव्हा ताई उठल्या, चपला काढल्या आणि त्या खुर्चीत जाऊन बसल्या. "आदी माजं बगा," डॉक्टरांना म्हणाल्या. "हिला दिसंल असं बगा."

जी बाई हसतानासुद्धा तोंडावर पदर घ्यायची, तिनं परक्या पुरुषासमोर, आमच्या ह्यांच्यासमोर, माझ्यासमोर, त्या लख्ख दिव्याखाली आ वासला. डॉक्टरांनी आरसा घालून एकेक दात बघितला. हिरड्या मागं सरल्यात म्हणाले, दोन दात हलतात म्हणाले. ताई मधूनच डोळ्यानं पोरीला खुणावत होत्या, बघतेस ना? पोरगी खुर्चीजवळ सरकली. टाचा उंच करून ताईंच्या तोंडात डोकावली. मग म्हणाली, "ताई, तुझे पण काळे आहेत." ताई म्हणाल्या, "मंग? म्हणून तर आले. ये, बस मांडीवर." आणि पोरगी बसली. मी त्या दिवशी भिंतीला टेकून उभी होते, आणि माझ्या मनात एवढंच आलं की मला आयुष्यात हे जमणार नाही.

डॉक्टरांनी पाहून झाल्यावर मला विचारलं, "झोपताना बाटली देता का?"

"आता नाही," मी म्हणाले. ताईंनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मी म्हणाले, "देते. अजून देते. साखर घालून." शिक्षिका झाल्यापासून दुसऱ्याच्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मी बहुधा पहिल्यांदाच दिलं असेल.

उजवीकडच्या दोन दाढांखाली पू झाला होता. सूज उतरायला औषधं दिली आणि चार दिवसांनी बोलावलं. तेव्हा भूल देऊन त्या दोन काढल्या, डावीकडच्या दोन नंतरच्या खेपांना भरल्या. ताई पहिल्या दोन खेपांना आल्या. तिसऱ्या वेळी पोरगीच म्हणाली, ताई नको, मी बसते. बाटली मी ओढ्यात नेऊन टाकली. क्रीमच्या बिस्किटांवरून ह्यांच्याशी एक कडाक्याचं भांडण झालं, ते मी जिंकले. त्यानंतर ते येताना शेंगा आणायला लागले.

त्या वाडीवर मी आणखी चार वर्षं होते. ताई पुढं दर महिन्याला वजन करताना पोराला उन्हाकडं तोंड करून बसवायच्या आणि दातही बघायच्या. तसा कुठला हुकूम आलेला नव्हता. कुणाच्या घरी बिस्किटं जास्त चालली, कुणाच्या दाढेला ठिपका पडला, हे त्यांना तोंडपाठ. आयांना बोलवून सांगायच्या, आणि आता त्यांना कुणी उलटून बोलायचं नाही. सगळ्या बायकांनी मिश्री सोडली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिघी-चौघींनी सोडली. माझ्या सासूबाईंनी सोडली नाहीच, फक्त डबी वरच्या फळीवर गेली, आणि नातीला दुखलं-खुपलं तर त्या पहिली हाक ताईंना मारायच्या. पुढं दोन हजारनंतर माझी बदली जुन्नर तालुक्यात झाली. तिथं मी माझ्या शाळेशेजारच्या अंगणवाडीत स्वतः जाऊन बसायची, पोरं जेवताना बघायची. कोण घास गालात धरतंय, एवढंच. लोकांना वाटायचं बाईंना लहान पोरांची फार आवड. आवड नव्हती, ताईंकडून उसनी घेतलेली नजर होती, आणि ती माझ्याकडं त्यांच्या निम्मीसुद्धा नाही.

पण मनात रुतून बसलं ते त्या दाढा काढल्यानंतरच्या आठवड्यातलं. संध्याकाळी आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. भात आणि वालाची उसळ. पोरगी जेवत होती, आम्ही ओरडायच्या आत तिचा भात संपला होता आणि ती आणखी मागत होती. सासूबाईंनी वाढलं. दोन घास खाऊन ती थांबली आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बघायला लागली. मी चावत होते.

"आई, तुझं पण थांबलं का?"

"काय थांबलं?"

"दुखायचं. जेवताना."

"माझं कुठं दुखत होतं, बाळा?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं. तिला काहीतरी समजत नव्हतं. "मला वाटलं सगळ्यांचंच दुखतं," ती म्हणाली. "तुम्ही मोठ्या आहात म्हणून रडत नाही."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. कित्येक महिने ती पोर रोज दोन वेळा आमच्या पंगतीला येऊन बसली होती, आणि मी तिला नखरेल म्हणत होते.